माशी, मासा आणि भाची: तीर्थन खोऱ्यातली भटकंती

दसऱ्याच्या सुट्टीत कुठे जायचं हा प्रश्न यंदा आमच्या घरात निघालाच नाही, कारण भाचीने तो मे महिन्यातच निकालात काढला होता. भाची सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला, आणि तिच्या डोक्यात फ्लाय फिशिंग, म्हणजे खोट्या माशीने मासे पकडायचं खूळ शिरलंय. खूळ हा शब्द ताईचा, म्हणजे तिच्या आईचा. हिमाचलात ट्राउट हा थंड नद्यांतला मासा पकडायची परवानगी 1 मार्च ते 31 ऑक्टोबर एवढीच असते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण बंदी कारण ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालतात, त्यात पावसाळ्यात नद्या लाल गढूळ, मार्च-एप्रिलला परीक्षा, म्हणजे उरला ऑक्टोबर. हे सगळं तिने कागदावर मांडून आणलं होतं. ताई म्हणाली क्लास बुडतील, ती म्हणाली रेकॉर्डेड लेक्चर्स आहेत, ताई म्हणाली एकटी जायचं नाही, आणि मग दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. मामा असण्याचे असे काही तोटे असतात.

मला मासा ताटात आवडतो. बाकी त्याच्याशी माझा फारसा संबंध नाही. पण मी गेलो, आणि जे बघितलं ते लिहून काढतोय, कारण "मुलांना मोबाइलपासून लांब कसं ठेवायचं" असं दर दोन दिवसांनी विचारणारे बरेच मित्र आहेत आणि त्यांना प्रत्येकाला फोनवर सगळं सांगत बसायचा कंटाळा आलाय.

शुक्रवार-शनिवार: पुणे ते गुशैणी

पुण्याहून दिल्लीचं विमान. फ्लाय रॉड, म्हणजे यातली गळाची काठी, नऊ फुटी असतो पण चार तुकड्यांत सुटतो, ते तुकडे एका लांब नळकांड्यात. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं यात काय आहे, भाचीने जे उत्तर द्यायला सुरुवात केली ते ग्राफाइट आणि पाच वेटची लाइन इथपर्यंत पोचलं तेव्हा मागची रांग खोकायला लागली. हुकांचा डबा चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात ठेवून सिक्युरिटीला भांडू नका, एवढी एक टीप.

दिल्लीहून रात्रीची मनाली व्होल्वो, पण मनालीला जायचं नाही, औटला उतरायचं. औट बोगद्याच्या अलीकडे आहे आणि बस तिथे पहाटे पोचते, कंडक्टरला तीनदा सांगून ठेवलं तरी स्वतः जागं राहणं बरं, नाहीतर डोळे उघडतील तेव्हा कुल्लू आलेलं असतं. अंधारात चहाची एक टपरी, टॅक्सीवाले, आणि खाली बियासचा आवाज. इथला जुना पूल जुलै 2023 च्या महापुरात वाहून गेला, टॅक्सीवाल्याने ती रात्र आम्हाला पूर्ण सांगितली, पहिल्या वळणापासून लारजीपर्यंत.

लारजीला सैंज आणि तीर्थन या दोन्ही नद्या बियासला येऊन मिळतात. धरणही तिथेच, 126 मेगावॅटचं. उजाडायला लागलं होतं. तिथून रस्ता तीर्थनच्या कडेने बंजारकडे वळतो आणि पाण्याचा रंग बदलतो, बियास राखाडी, तीर्थन मात्र अशी की तळातले दगड मोजावेत. भाची खिडकीबाहेर मान काढून बसलेली. मी म्हटलं अगं झोप जरा, तर म्हणे "मामा, तिथे त्या मोठ्या दगडाच्या मागे बघ, तिथे नक्की असणार." मला दगड दिसला. मागे पाणी होतं.

बंजारच्या पुढे गुशैणी, उंची साधारण सोळाशे मीटर, इथे फलाचन नावाचा ओढा तीर्थनला मिळतो. आम्ही उतरलो ते होमस्टे नदीच्या अगदी काठावर, लाकूड आणि दगडाचे थर एकावर एक रचून बांधलेलं, काठ-कुणी म्हणतात या पद्धतीला, भूकंपात टिकतं म्हणे. मागे सफरचंदाची झाडं, फळं उतरवून झालेली. मालकीणबाईंनी सिड्डू खायला घातले, आत अक्रोडाचं वाटण भरलेला उकडलेला पाव असतो, वर चमचाभर नाही तर पळीभर तूप. मी खाऊन जो झोपलो तो चार वाजता उठलो, तोपर्यंत भाची नदीवर जाऊन पाण्याचं तापमान घेऊन आली होती. अकरा डिग्री. ही चांगली बातमी असते असं कळलं, ट्राउटला थंड पाणी लागतं, वीसच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

रविवार

आधी परवाना. मत्स्य विभागाचा दिवसाचा परवाना मिळतो, फी किरकोळ, त्यावर किती मासे आणि केवढ्या आकाराचे ठेवता येतील ते बंधन असतं. भाचीला एकही ठेवायचा नसल्यामुळे तिने ते वाचून नुसती मान हलवली. नागिणीला सरकारी ट्राउट फार्म आहे, सिमेंटच्या लांब हौदांत नदीचं पाणी खेळवलेलं आणि त्यात बोटाएवढ्यापासून हातभर लांबीपर्यंतचे मासे. फार्मवर खाण्यासाठी वाढवतात तो मुख्यतः रेनबो ट्राउट, आणि नदीत जो आहे तो ब्राउन.

आमच्याबरोबर गावातले एक भाईजी होते, पन्नाशीचे, कुल्लवी टोपी, कमी बोलणारे. भाची त्यांना पहिल्याच तासात आवडली आणि त्याचं कारण असं की ती पाण्याशी गेली आणि रॉड काढलाच नाही. पँट गुडघ्यापर्यंत वर करून उथळ पाण्यात उतरली आणि दगड उलटे करायला लागली. मला बोलावलं. दगडाच्या खालच्या बाजूला चिकटलेले बारीक किडे, एकाला तीन शेपट्या, तो मेफ्लाय नावाच्या माशीचा निम्फ, म्हणजे पंख फुटण्याआधीचा किडा, दुसऱ्याला दोन, तो स्टोनफ्लायचा, आणि तिसरा तर वाळूचे कण एकमेकांना चिकटवून बनवलेल्या नळीत राहणारा, कॅडिस. घर पाठीवर घेऊन फिरतो. वर्षभर हे पाण्याखाली असतात आणि मग एक दिवस वर येतात, पंख फुटतात आणि उडून जातात, मेफ्लाय तर पंख फुटल्यावर काही खातच नाही, तोंडच कामाचं नसतं, जेमतेम दिवस-दोन दिवस जगते, अंडी घालते, संपली. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालचे हे निम्फ, आणि वर माश्या उडायला लागल्या की मग तो पृष्ठभागावर येऊन टिपतो. म्हणजे आज नदीत काय शिजलंय ते आधी बघायचं आणि मग त्याच्यासारखी दिसणारी खोटी माशी डब्यातून निवडायची. हीच ती फ्लाय.

त्या फ्लाय ती स्वतः बांधते. हुकावर दोरा, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गुंडाळायचं, तांब्याची बारीक तार, मोराच्या पिसाचा एखादा तंतू. फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसापासून बनवायचा एक प्रसिद्ध निम्फ आहे, इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर नावाच्या माणसाने तो काढला, त्यात दोराच नाही, नुसती तांब्याची तार आणि पीस. भाचीने तिच्या डब्यात तसले बरेच बांधून आणले होते, फेझंटच्या ऐवजी घरच्या कोंबड्याच्या शेपटीचं पीस वापरून. भाईजींनी एक उचलून उन्हात धरला, उलटा केला, परत ठेवला आणि म्हणाले, "चलेगा." त्यांच्याकडून एवढं म्हणजे बरंच.

मग रॉड. हे मला आधी कळतच नव्हतं की यात वेगळं काय आहे. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा शिसं किंवा आमिष जड असतं आणि ते दोरीला ओढत नेतं. इथे फ्लायला वजनच नाही, फुंकर मारली तर उडेल, म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं, प्लॅस्टिकचं आवरण असलेली जाडसर रंगीत लाइन, आणि फेकायची असते ती लाइन. हात मागे नेऊन एकदम थांबवायचा, घड्याळात एक वाजला असेल तिथे, लाइन मागे हवेत सरळ होईपर्यंत वाट बघायची, मग पुढे आणून दहाच्या काट्यावर परत थांबायचं. थांबलं की रॉड वाकून सरळ होतो आणि लाइनचा एक फास हवेत उलगडत जातो. धुतलेलं धोतर दोरीवर टाकण्याआधी झटकतात ना, जोर कमी आणि थांबणं जास्त, तसं. लाइनच्या टोकाला नऊएक फुटांचा निमुळता पारदर्शक लीडर, त्याला आणखी बारीक टिपेट, आणि त्याला फ्लाय, म्हणजे माशाला जाड लाइन दिसत नाही.

हे ती पुण्यात सोसायटीच्या ग्राउंडवर हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून करायची. तिथे क्रिकेटवाली पोरं हसायची. इथे मागे अल्डरची झाडं होती, मागे लाइन न्यायला जागाच नव्हती, तर तिने रोल कास्ट केला, त्यात लाइन मागे हवेत जातच नाही, पाण्यावरूनच चाक फिरल्यासारखी पुढे सरकते. संध्याकाळपर्यंत मासा लागला नाही. दोनदा काहीतरी टोचून गेलं म्हणाली. रात्री राजमा-भात खाताना ती आणि भाईजी हिंदीत बोलत होते की फ्लाय पाण्याच्या वेगाने वाहत नव्हती, लाइन मधल्या जोराच्या धारेत अडकून फ्लायला खेचत होती, आणि खऱ्या किड्याला कोण खेचतं? मासा एवढं ओळखतो. तासभर ही चर्चा. अकरावीचं काही विचारलं की हीच मुलगी दोन शब्दांत उत्तर देते.

सोमवार

सकाळी धुकं, सूर्य डोंगराआडून यायला साडेनऊ. तोपर्यंत थंडी अशी की माझे हात खिशातून निघेनात. भाचीने पोलराइज्ड गॉगल लावला होता, त्याने पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो, मलाही एकदा दिला आणि खरंच, जिथे मला नुसतं चमचमणारं पाणी दिसत होतं तिथे एकदम दगड, वाळू, सावल्या, आणि त्यातली एक सावली हलत होती. ट्राउट प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून थांबतो, दगडाच्या मागे जिथे पाणी संथ असतं तिथे, म्हणजे त्याला पोहायला कष्ट नाहीत आणि शेजारच्या जोराच्या धारेतून खाणं आपोआप वाहत येतं. त्यामुळे त्याच्याकडे मागून, म्हणजे खालच्या अंगाने जायचं, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता. सतरा वर्षांची मुलगी अर्धा तास दगडांवरून मांजरासारखी सरकत होती. घरी टेबलाचा कोपरा न आपटता स्वयंपाकघरात जाता येत नाही तिला.

साडेदहाच्या सुमारास बारीक राखाडी मेफ्लाय पाण्यावरून उडायला लागल्या. तिने निम्फ काढून ड्राय फ्लाय बांधली, ही तरंगते, आणि दगडाच्या वरच्या अंगाला टाकली, लाइन हवेतच थोडी वर उचलून वळवली म्हणजे धार तिला लगेच खेचणार नाही, याला मेंडिंग म्हणतात. फ्लाय वाहत आली, दगडाजवळ आली, आणि पाण्याला नुसती एक छोटी चूळ भरल्यासारखी फट पडली. फार मोठं काही होत नाही. मग रॉड वाकला, रील ओरडला, भाईजी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "ढीला छोड़, ढीला छोड़!"

मासा वीतभरापेक्षा थोडा मोठा. पण काय रंग! अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं, पोट लोण्यासारखं पिवळं. तिने आधी हात पाण्यात भिजवले कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर म्हणजेच त्याचं जंतूंपासूनचं संरक्षण. मासा पाण्याबाहेर काढलाच नाही, जाळीत पाण्यातच धरून हुक काढला, हुकाची उलटी नांगी तिने पक्कडने आधीच दाबून टाकलेली असते त्यामुळे तो पटकन निघतो. मग तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत सैल धरून ठेवला, कल्ले उघडमिट उघडमिट, आणि एकदम शेपटीचा फटका मारून गेला. फोटो मी काढायला गेलो तेव्हा फ्रेममध्ये तिचे ओले हात तेवढे आले.

ती काठावर येऊन बसली आणि बराच वेळ बोलली नाही. मी विचारलं काय झालं, म्हणाली "काही नाही रे, पाय थरथरतायत."

दुपारी आणखी एक लागला आणि सुटला. त्याचं तिला वाईट वाटलं नाही, उलट हसत होती. मला जरा वाटलं.

मंगळवार: रॉड घरी, आम्ही रोल्ल्याला

आज ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये चालायला. परवाना साई रोपाच्या ऑफिसातून घ्यावा लागतो, आणि आत मासेमारी नाही, हे भाचीनेच मला सांगितलं. या पार्कची सुरुवात 1984 ची, राष्ट्रीय उद्यान म्हणून अधिसूचना 1999 ची, आणि 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. गुशैणीहून रोल्ल्यापर्यंत वाट बहुतेक नदीकाठानेच, देवदार, अक्रोड, मधे मधे लाकडी साकव. नदीत दगडांवर शेपटी हलवत बसणारे छोटे पक्षी, रेडस्टार्ट, आणि एक तपकिरी पक्षी, डिपर, जो सरळ पाण्यात शिरतो आणि तळावर चालतो. खरंच चालतो. तोही दगडांखालचे तेच किडे खातो, म्हणजे भाची, ट्राउट आणि डिपर तिघांचं लक्ष एकाच गोष्टीवर.

वाटेत भाईजींनी नदीची गोष्ट सांगितली. शेजारच्या सैंज खोऱ्यात वीज प्रकल्प झाले, बोगदे, बांध, सगळं. तीर्थनवरही प्रस्ताव होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी कोर्टात गेले, शेवटी तीर्थनवरचे प्रकल्प रद्द झाले आणि ही नदी मोकळी राहिली. लोकांना नदी वाचवायला कारण काय होतं, तर देव, शेती, घराट म्हणजे पाण्यावरच्या पिठाच्या गिरण्या, आणि ट्राउटही. आज गावातली किती घरं मासे धरायला आणि फिरायला येणाऱ्यांवर चालतात ते आम्ही बघतच होतो.

पण मग मीच एक खुसपट काढलं. हा ट्राउट मुळात इथला नाहीच ना? ब्राउन ट्राउट युरोपचा. इंग्रज साहेबांना इथल्या थंड नद्या बघून घरची आठवण आली आणि त्यांनी स्कॉटलंडहून अंडी बोटीने मागवली, पहिली खेप वाटेतच मेली, 1900 च्या आसपास काश्मीरात जमलं, आणि तिथून 1909 मध्ये कुल्लूच्या महिलीला हॅचरी करून इथल्या पाण्यात सोडली. इथला मूळ मासा म्हणजे असला, स्नो ट्राउट म्हणतात त्याला इंग्रजीत पण तो ट्राउटच्या कुळातला नाही, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. आज तो धोक्यात असलेल्या माशांच्या यादीत आहे आणि त्याची जी कारणं सांगतात त्यात धरणं आहेत, बेसुमार मासेमारी आहे आणि हा पाहुणा ट्राउटसुद्धा आहे, जो त्याची पिल्लं खातो.

मला वाटलं भाची चिडेल. तिला हे सगळं माहीत होतं. म्हणाली, "हो ना, म्हणून तर मला असला एकदा नीट बघायचाय." मग म्हणाली की ट्राउट आता शंभर वर्षांहून जास्त इथे आहे, त्याला काढून टाकता येणार नाही, पण जिथे तो अजून पोचलेला नाही त्या वरच्या ओढ्यांत तरी कुणी सोडू नये. मला हे पटलं. सरकारी फार्मवाले नद्यांत मासे सोडतात तेव्हा हा विचार किती होतो, कोण जाणे.

रोल्ल्याला पराठे खाल्ले, पाय पाण्यात घातले, दहा सेकंदांत काढले.

संध्याकाळी ती आजीशी, म्हणजे माझ्या आईशी, फोनवर बोलली. आमचं घर गुहागरकडचं, घरात मासे रोज. आईला हा प्रकारच समजत नाही. "पकडायचे आणि सोडून द्यायचे? मग पकडायचे कशाला गो?" भाचीने नाना तऱ्हेने समजावलं. आई शेवटी म्हणाली, "बरं, निदान तुम्ही उपाशी राहू नका."

बुधवार

आज ढग, वारा, नदीवर माश्या नाहीत, मासे नाहीत. भाची तरीही सहा तास पाण्यात. जड निम्फ, हलका निम्फ, वुली बगर नावाची केसाळ काळी स्ट्रीमर, म्हणजे पाण्याखाली ओढायची मोठी फ्लाय, सगळं करून झालं. मी कंटाळून तिच्याकडून रॉड घेतला आणि माझा पहिला कास्ट माझ्याच टोपीत अडकला. मग अर्ध्या तासात जरा जमायला लागलं, आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली की त्या अर्ध्या तासात मी ऑफिसचा एकही विचार केला नव्हता. करताच येत नाही. मागे लाइन सरळ झाली का, वारा कुठून, पाय घसरतोय का, फ्लाय कुठे पडली, ती नीट वाहतेय का, यातलं एक सुटलं की लाइनचा गुंता.

म्हणूनच लोक जेव्हा म्हणतात की मासेमारीने मुलांना संयम येतो तेव्हा आता मला ते अर्धवट वाटतं. संयम काय, काठावर खुर्ची टाकून बसलं तरी येईल. इथे बसायचंच नाहीये. ही पोर दिवसभर वाकतेय, चालतेय, दगड उलटतेय, गाठ बांधतेय, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी केसाएवढ्या टिपेटची गाठ, थुंकी लावून ओढायची नाहीतर घर्षणाने तापून कमजोर होते. तिचं सगळं लक्ष बाहेर असतं. गेल्या वर्षी दहावीच्या धामधुमीत तिला झोप यायची नाही, हात कापायचे, ताईने डॉक्टरही केले. तेव्हा रात्री ती टेबललॅम्प लावून फ्लाय बांधत बसायची. ताईला वाटायचं अभ्यास टाळतेय. मला आता वाटतं ती स्वतःला सांभाळत होती. मार्क कमी पडले का, तर नाही, पण त्याचं श्रेय मी कोंबड्याच्या पिसाला देणार नाही.

भाचीनेच सांगितलं की अमेरिकेत याचा उपचारासारखा वापर होतो. स्तनांच्या कॅन्सरमधून बाहेर आलेल्या बायकांसाठी कास्टिंग फॉर रिकव्हरी नावाची संस्था 1996 मध्ये व्हरमाँटमध्ये सुरू झाली, ऑपरेशननंतर खांदा आणि हात आखडतो आणि फिजिओ जे हळुवार ताण द्यायला सांगतात तशीच हालचाल कास्टिंगमध्ये होते, शिवाय सोबत तसंच सोसलेल्या बायका आणि नदी. जखमी सैनिकांसाठी प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स, 2005 मध्ये वॉल्टर रीड या लष्करी हॉस्पिटलात सुरू झालं, हात गेलेल्या माणसालाही रॉड धरायला आणि फ्लाय बांधायला शिकवतात. हे ऐकून मी गप्प झालो, कारण मी तोपर्यंत या सगळ्याकडे श्रीमंतांचा चाळा म्हणूनच बघत होतो. चाळा महाग आहेच, ते नाकारत नाही. चांगला रॉड, रील, लाइन सगळं बाहेरून येतं. भाचीचा सेट सेकंडहँड आहे, वाढदिवसाचे आणि भाऊबिजेचे पैसे साठवून घेतलेला. फ्लाय स्वतः बांधते त्यामुळे तो खर्च वाचतो. पण भाईजी लहानपणी बांबूची काठी, शिवणाचा दोरा आणि बकरीचे केस यांवर शिकले, हेही तिथेच ऐकलं.

संध्याकाळी रिकाम्या हाताने परत. भाची वहीत लिहीत बसली: पाण्याचं तापमान, ढग, कुठली फ्लाय, कुठल्या दगडाशी. मासा नाही या रकान्यात तिने फुली मारली नाही, दोन पानं कारणं लिहिली.

गुरुवार-शुक्रवार: परत

सकाळी शेवटचे दोन तास पाण्यावर, एक छोटा ट्राउट, पेनाएवढा, सोडला. भाईजींना तिने स्वतः बांधलेल्या फ्लायची एक डबी दिली. त्यांनी घरातून बकरीच्या केसांचा पुडा आणून दिला, काळे आणि तपकिरी. दुपारच्या जेवणात मालकीणबाईंनी फार्मवरचा रेनबो ट्राउट केला होता, मीठ-हळद-मोहरीच्या तेलात. भाचीने आवडीने खाल्ला. मी विचारलं तुला चालतं? म्हणाली, "हा वाढवलेलाच खायला आहे ना, नदीतले नदीत." चवीला गोडसर, काटा कमी. पण माझं मत विचाराल तर बांगड्याची सर नाही.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा पाणी सगळ्यात स्वच्छ, मात्र त्याच सुमारास कुल्लूचा दसरा असतो, तो आपला दसरा संपतो त्या दिवशी सुरू होऊन आठवडाभर चालतो, खोऱ्यातले देव पालख्यांतून कुल्लूला निघतात, रस्ते आणि बस दोन्ही भरलेले, बुकिंग आधी करा. पाण्यातले दगड शेवाळाने निसरडे, साधे स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, फेल्टच्या तळव्याचे बूट गावात भाड्याने मिळाले तर घ्या. एकट्याने खोल धारेत उतरू नका. आणि ज्याला शिकायचंय त्याने आधी घरी ग्राउंडवर लोकर बांधून प्रॅक्टिस करावी, परवान्याचा दिवस गाठी सोडवण्यात जाऊ नये.

बस औटहून रात्री. पुण्यात पोचल्यावर ताईने पहिला प्रश्न केमिस्ट्रीच्या टेस्टचा विचारला, भाचीने तारीख सांगितली, पोर्शन सांगितला, आणि त्याच श्वासात सांगितलं की दिवाळीत तिला गुहागरला जायचंय. अण्णा, म्हणजे माझे वडील, खाडीवर गळाने जिताडे धरतात, भरतीच्या वळणावर, जिवंत कोळंबी लावून. जिताडा छोट्या माशांवर झडप घालणारा मासा, ऑस्ट्रेलियात त्याला बॅरामुंडी म्हणतात आणि तिकडे फ्लायवर पकडतात. मग आपल्या खाडीत का नाही? बकरीच्या लांब पांढऱ्या केसांची स्ट्रीमर, वर थोडी चमकी, आणि हुक खाऱ्या पाण्यात गंजणार नाही असा. तिने चित्रही काढलं होतं, बसमध्ये.

अण्णांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जिताडा पण सोडून देणार काय?"

भाची जरा थांबली. "अण्णा, एक तुमचा, एक नदीचा."

"नदी नाही गो, खाडी," अण्णा म्हणाले. "आणि पहिला माझा."

त्यावर घासाघीस अजून चालू आहे. पांढऱ्या केसांची बकरी कुणाकडे आहे याची चौकशी माझ्याकडे आलीय.